वरचं भिंग

इताबाशीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिगेझो भिंगं घासायचा आणि त्याचा मेहुणा रोकुरो ती विकायचा. दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यांवर चढवायची, दूरचं जवळ आणणारी जोडी: वरचं भिंग बघायला, खालचं फोटो घ्यायला. कॅमेरे बड्या कंपन्यांचे, जोडी यांची. दोन्ही भिंगं तंतोतंत सारखी हवीत, यावर शिगेझो अडून बसायचा. मग एकदा रोकुरो म्हणाला, "दाजी, तुम्ही वरचंच करा. खालचं मी बाहेरून आणतो. पाठीला तेवढाच आराम." मेहुण्याला आपली काळजी आहे, याचं शिगेझोला बरं वाटलं.

वसंतात त्याची मुलगी मिसाओ नवऱ्याबरोबर ब्राझीलला निघाली. परत येणं कठीणच होतं. शिगेझोने शेजाऱ्याचा कॅमेरा मागून आणला, शेडमधली एक जोडी चढवली आणि योकोहामाच्या धक्क्यावर उभा राहिला. बोट हलली, बोटीवरच्यांनी आणि धक्क्यावरच्यांनी दोन टोकांना धरलेल्या निरोपाच्या कागदी फिती ताणून तुटल्या. त्याने मान खाली घालून छातीशी धरलेल्या कॅमेऱ्यात पाहिलं. मिसाओचे दाबून धरलेले ओठ, गालाला चिकटलेली बट, सगळं लख्ख. त्याने अख्खा रोल संपवला.

फोटो धुऊन आले. प्रत्येकात चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग.

"रडत होतात ना, हात हलला असेल," बायको तोमे म्हणाली.

शिगेझोने खालचं भिंग काढून उजेडात धरलं. बाटलीची काच बरी, असलं ते होतं. तो तसाच रोकुरोकडे गेला.

"गिऱ्हाईक दुकानात वरच्या भिंगातूनच बघतं, दाजी. फोटो बिघडला की स्वतःला दोष देतं. आजवर एक तरी जोडी परत आली?"

"मिसाओ होती रे त्यात!"

"मग आधी सांगायचंत. तुमच्यासाठी चांगली काढून ठेवली असती."

शिगेझो धंद्यातून वेगळा झाला. घरीच दोन्ही भिंगं घासून दुकानं फिरला. दुकानदार त्याच्या आणि रोकुरोच्या जोडीतून वरूनच बघायचे आणि म्हणायचे, "सारख्याच तर दिसतात. तुमची महाग का?"

तोमे भावाकडून तांदूळ आणू लागली. त्या भाताची वाटी ती आधी नवऱ्यापुढे ठेवायची, तेच त्याला जास्त लागायचं.

नव्या वर्षाच्या तोंडावर तो पुन्हा शेडमध्ये गेला. रोकुरोने टोमणा मारला नाही. काचांची परात पुढे सरकवली.

"वरचीच करा. आणि नीट करा हं, दाजी. तुमच्यावरच तर धंदा चाललाय."

शिगेझोने ती नीटच केली. वाईट करायला त्याचा हात वळेना.