तबकडीच्या तीन नकला

एका डीव्हीडीच्या तीन नकला कशा उतरवण्यात आल्या, त्यांतली कोणती सरस ठरली, आणि एका न जेवणाऱ्या वृद्धेच्या बाबतीत त्या सरसपणाचा कितपत उपयोग झाला, याची हकिकत पुढे येत आहे. वाचकांनी ती शांत चित्ताने वाचावी, एवढीच प्रार्थना.

तपासनीसाने तबकडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि एक डोळा बारीक केला. कापडगिरणीत त्याचे अर्धे आयुष्य असेच गेले होते. ताणलेल्या कापडाखाली दिवा, वरून नजर, आणि धागा तुटलेला दिसला की खडूची खूण. इथे खडूचा काही उपयोग नव्हता. तबकडीच्या बाहेरच्या काठावर पिवळट डाग पसरला होता आणि तिथून केसासारख्या रेघा आत शिरल्या होत्या.

त्याच्या पाठीमागे, पलंगावर, आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. स्टुलावरच्या वाटीतले जेवण केव्हाच गार झाले होते.

"आई, एक घास. एकच. मग नाही त्रास देणार."

आईने ओठ घट्ट मिटून घेतले. त्याने पुढे केलेला चमचा तसाच हवेत राहिला.

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी गेली, त्या दिवसापासून हे असे चालले होते. निघताना तिने बॅगेची चेन ओढता ओढता सांगितले होते, "जेवताना लग्नाची सीडी लावायची आणि भरवायचं. बाकी आईंचं काही करावं लागत नाही." आणि तपासनीसाने मोठ्या तोऱ्यात म्हटले होते, "तू बिनघोर जा. मी एवढ्या गिरणीचा माल बघतो, एक आई नाही बघता येणार?" खरे पाहता आईला भरवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तो कामावरून परते तोवर तिचे जेवण उरकून तोंडही पुसलेले असे.

त्याने पहिल्याच दुपारी धाकट्या बहिणीच्या लग्नाची तबकडी यंत्रात घातली, लगेच रिमोटवरचे 'सुरू'चे बटण दाबले आणि वाटी घेऊन उभा राहिला. चित्र सुरू झाले. पाहुणे आले, बहीण आली, आणि मग माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे होऊन सगळा समारंभ जागच्या जागी थिजला. आईने थोडा वेळ पाहिले. मग ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "नाही आले."

"येतील, आई. सीडी अडकलीय जरा."

ती कुणाविषयी बोलत होती, हे त्याने विचारले नाही. तिला आता माणसांची नावे राहिली नव्हती. त्यालाही ती कधी भाऊ म्हणे, कधी दूधवाला.

डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी आईच्या मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगातले पाणी आटल्याने कातडी तशीच उभी राहिली.

"सोमवारी येतो मी. तोवर पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि हात बांधून ठेवावे लागतील. नाहीतर उपसून टाकतात."

डॉक्टर गेल्यावर तपासनीस बराच वेळ आईच्या हातांकडे पाहत बसला. चादरीचे टोक घेऊन ती त्याच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

त्याच संध्याकाळी शेजारणीला आईजवळ बसवून तो कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानी गेला. दुरुस्तीवाल्याने तबकडी उलटसुलट केली.

"तपासनीससाहेब, हिच्यावर भांडी घासलीत का?"

"वाचेल का?"

"वाचेल. पण सारखी सारखी फिरवू नका, दर फेरीला या म्हाताऱ्या तबकडीला धाप लागणार. तिची नकल काढून घ्या आणि तीच बघा. तीन सॉफ्टवेअर देतो. एक घाईवालं, एक चिकट, एक शहाणं. आयुष्यभर कापडात खोट काढलीत, आता यांच्यात काढा."

"तिघांत चांगलं कुठलं?"

"ते सुनांसारखं असतं. नांदवून बघितल्याशिवाय कळत नाही."

तपासनीसाला हसू आले नाही. दुरुस्तीवाल्याने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले आणि पैसे घ्यायचे टाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने लॅपटॉप टेबलावर मांडला. तिन्ही सॉफ्टवेअरनी आरंभी एकच प्रश्न विचारला: केवळ मुख्य चित्र हवे, की संपूर्ण तबकडी? जितके कमी वाचावे लागेल, तितका तबकडीचा जीव वाचेल, असा विचार करून त्याने तिन्ही वेळा 'केवळ मुख्य चित्र' यावरच खूण केली.

घाईवाल्याने काम चहा निवायच्या आत उरकले. जिथे वाचता येईना, तिथे ते न थांबता पुढे सरकले होते. बहीण दारातून आत येताना दिसे आणि एकदम खुर्चीत बसलेली दिसे. मधली चाल गिळलेली. विरळ विणीचा माल, तपासनीसाने मनात म्हटले. तरी त्याने तो टीव्हीवर लावला, वाटी गरम केली, आणि पलंगापाशी उभा राहिला.

आईने पडद्याकडे पाहिले. "नाही आले," ती म्हणाली, आणि वळली.

चिकट सॉफ्टवेअरची रीत वेगळी. खराब जागा आली की ते तिथेच ठाण मांडी आणि पुन्हा पुन्हा वाचून बघे. यंत्रातून कुरकुर येई, थांबे, पुन्हा येई. प्रत्येक कुरकुरीसरशी तपासनीसाचे खांदे आखडत. गिरणीतून फोन आला, त्याने उचलला नाही. दुपार कलली तेव्हा कुठे नकल पुरी झाली. चेहरे अखंड होते. बहिणीच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा जागेवर होता. त्याने उत्साहाने आईचा चेहरा आपल्या हाताने पडद्याकडे फिरवला.

"बघ ना. तुझी लेक. बघ, कशी स्वच्छ दिसतेय."

आईने त्याचा हात झटकला. चमचा जमिनीवर पडला. तपासनीस वाकून सांडलेले पुसू लागला.

मग शहाणे सॉफ्टवेअर. त्याने रंग उजळले, खरखर काढून टाकली, हलणारे चित्र स्थिर केले. असा माल हाती आला असता, तर तपासनीसाने डोळे मिटून शिक्का मारला असता. आईने त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिचे ओठ सुकून त्यांवर पापुद्रे आले होते. त्याने कापूस पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवला, तेव्हा तिने तो चोखला आणि मग तोंड बाजूला केले.

उद्या सोमवार होता, डॉक्टर यायचे होते.

त्याने बायकोला फोन लावला. इतके दिवस 'सगळं ठीक आहे' असेच तो सांगत आला होता. लेकीच्या कळा लांबल्या होत्या. बायकोचा आवाज दवाखान्याच्या जिन्यातून घुमत येत होता.

"अहो, आवाज असा का येतोय तुमचा? आई जेवल्या ना?"

"नाही."

"नाही म्हणजे? आज?"

"तू गेल्यापासून नाही." तो म्हणाला. "सीडी खराब झाली. मी तिच्या तीन कॉप्या काढल्या, एकीपेक्षा एक सरस. तिला एकही पटत नाही. तू मला एवढंच सांग, लग्नातला कुठला भाग लागला की ती खाते? तेवढाच लावतो."

"मला काय माहीत? मी कुठे बघितलंय त्या सीडीतलं लग्न."

"रोज लावतेस की."

"लावते. सीडी आत ढकलते आणि वाटी घेऊन बसते. तुमच्या त्या रिमोटला मी कधी हात लावलाय का? मला नाही कळत त्यातलं. ते आपोआप येतं ना आधी, तेच चालू राहतं. वाजंत्री वाजते आणि बाबा खुर्ची ओढतात. संपलं की परत ओढतात. जेवण होईपर्यंत तेच."

"बाबा? बाबा त्यात कुठे आहेत?"

"अहो, असं काय करता. ताटावर बसलेत की."

वडील हयात असताना कॅमेरा दिसला की खांबाआड होत असत. समारंभाच्या सगळ्या चित्रात त्यांची एकदा पाठ दिसे, तेवढीच. तपासनीसाने फोन खाली ठेवला तो बंद करायचेही विसरून.

त्याने तबकडी लॅपटॉपमधून काढली, सदऱ्याला हलकेच पुसली आणि टीव्हीखालच्या जुन्या यंत्रात घातली. यंत्र घरघरले. 'डिस्क नाही,' पडद्यावर आले. चिकट सॉफ्टवेअरची दुपारभराची कुरकुर त्याच्या कानात पुन्हा घुमली. त्याने तबकडी बाहेर घेतली, मधल्या भोकाभोवती फुंकर मारली आणि पुन्हा आत ढकलली. घरघर. मग शांतता. त्याने टीव्हीवर हात टेकला आणि डोळे मिटले.

वाजंत्री सुरू झाली.

त्याचा अंगठा सवयीने रिमोटकडे गेला. त्याने रिमोट उचलून कपाटावर ठेवला.

पडद्यावर तबकडीचे सुरुवातीचे पान आले, 'केवळ मुख्य चित्र' घेतल्याने तिन्ही नकलांत न उतरलेले: बहिणीचे नाव, खाली 'चित्र सुरू करा' अशी अक्षरे, आणि मागे रिकामा होत आलेला हॉल. शेवटच्या रांगेत वडील ताटासमोर बसलेले, अजून हात न लावलेले. त्यांना कॅमेऱ्याचा पत्ता नव्हता. कॅमेऱ्याच्या बाजूला कुणीतरी उभे असावे, त्या दिशेने त्यांनी पाहिले, शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्या बैठकीवर दोनदा हात थोपटला. ओठ हलले, शब्द वाजंत्रीत बुडाले. मग चित्र पुन्हा पहिल्यापासून. वडिलांनी पाहिले, खुर्ची ओढली, हात थोपटला.

तपासनीस वाटी गरम करून आला, तेव्हा आई भिंतीकडून वळलेली होती. तो नेहमीसारखा पलंगाशी उभा राहिला आणि चमचा पुढे केला. आईचे लक्ष पडद्यावर होते. तिने तोंड उघडले नाही. तिने चादरीच्या घड्या बाजूला सारल्या, थोडी सरकली, आणि आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेवर दोनदा हात थोपटला.

तो बसला.

मग तिने तोंड उघडले.

येथे ही हकिकत पुरी झाली. आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल हे लिहिणारा धोंडीराम अंतोबा खरपुडे आपला मनःपूर्वक आभारी आहे.