कोट लोंबला कसा

घड्याळजीचे कोट चाळीस वर्षं मीच शिवतोय, पण त्याचं माप घेतलं ते एकदाच. जिवलग मित्राच्या अंगाला दरवेळी टेप लावायची म्हणजे माझ्यासारख्या शिंप्याचा अपमानच. म्हणून परवा तो नवा कोट घालून माझ्या दुकानात आला आणि कोट पार मांड्यांवर लोंबताना दिसला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“डोळे तपासून घे,” तो म्हणाला. “इंचभर लांब कापलंयस.”

“माझी कात्री चुकत नाही. तूच आटलायस.”

“मी काय सुती कापड आहे, पहिल्या धुण्यात आटायला?”

चाळीस वर्षांपूर्वी दुकान उघडलं त्या दिवशी आम्ही दोघांनी दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीने आपापली उंची आखली होती. दोन्ही रेघा शेजारी शेजारी, अगदी बरोबरीच्या. त्याला धरून तिथे उभा केला. डोकं रेघेच्या चांगलं इंचभर खाली.

“बघ! आता बोल!” मी म्हणालो.

“आधी तू उभा राहा.”

राहिलो ताठ. त्याने माझ्या डोक्यावर पट्टी टेकवली, चष्मा वर करून पाहिलं आणि हसत सुटला.

“लेका, तूही तेवढाच!”

मी त्याच्या कोटाची खालची शिवण उसवायला घेतली. रोज दुपारी आम्ही समोरासमोर बसून चहा पितो. दोघंही बरोबरीनेच खाली येत होतो, नजरेला नजर तशीच भिडत होती. मग कळणार तरी कसं?