भैरोबाचा कौल आन् मामाचा पंखा

माहेर आन् सासर एका गावात असू नये म्हनत्यात, ते काय खोटं न्हाई. माझं तर एकाच बोळाच्या दोन टोकांना हाय. ह्या टोकाला माझा नवरा सोनबा, भैरोबाच्या देवळाचा पुजारी. त्या टोकाला माझा धाकटा भाऊ हिंदुराव, नगरसेवक. आन् मधी मी, मैना. दोघं बी माझ्याच जिवावर उठल्यालं.

आदी असं नव्हतं बरं का. दोघं रोज सांजच्याला देवळाच्या ओट्यावर बसून शेंगा खायाचं, टरफलं मला झाडाय ठिवायचं. मग खडकवासल्याच्या रस्त्यावरचं आमचं गाव पुन्याच्या महापालिकेत गेलं आन् हिंदूच्या डोक्यात नगरसेवक व्हायचं खूळ शिरलं.

आमच्याकडं मोठं काम देवाला इचारल्याबिगर करत न्हाईत. देवाच्या छातीवर दोन बाजूंना पान्यानं दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर देव हो म्हनला, डावं पडलं तर न्हाई. फुलं लावायचा मान आमच्या घराचा. हिंदूनं कौल मागितला आन् फुलं लावून ह्यांचा हात खाली येतोय न येतोय तवर डावं फूल टपकन खाली.

तरी ह्यो शहाना उभा राहिला. आन् निवडून आला की!

सत्काराला माइकवर म्हनतो कसा, "देवाला मतदार यादी कुनी दाखवली न्हाई वाटतं!" सारं गाव खो खो हसलं. ह्यांच्या पार जिव्हारी लागलं. "देवाचा शब्द मोडला तो मोडला, वर दात काढतोय," म्हनले, आन् बोलनंच टाकलं. हिंदूनं मग देवळात ह्यो मोठा पंखा बसवून दिला. तीन पाती, तिन्हीवर स्वतःचं नाव. ह्यांनी त्याचं बटन एकदाबी दाबलं न्हाई. "देवाला घाम येत न्हाई," म्हनले.

"अवो, देवाला येत नसंल, आमास्नी येतो की!" पन ऐकतंय कोन?

चाललं व्हतं तसं चाललं असतं, पन शालूचं, माझ्या लेकीचं, लगीन ठरलं. मांडवात नवरीला आनायची ती मामानं. एकच मामा तिला. ह्यो न्हाई आला तर माझी पोर मांडवात आनायची कुनी, शेजाऱ्यानं? त्यात इहीन पडली कसबा पेठेतली. शामलाबाई. बोलनं गोड, पन कापतं. वाटंत हिंदूची एवढी पोस्टरं बघत आली आन् मला म्हनली, "मामा चौकाचौकात दिसतात हो, घरात तेवढे दिसत नाहीत. लग्नाला येणार आहेत, की तिथेही पोस्टरच लावायचंय?"

मी तशीच उठले आन् ह्यांच्यापुढं जाऊन बसले. हे म्हनले, "देव सांगंल. उजवं पडलं तर येऊ दे." मग मी बोळाच्या त्या टोकाला गेले. हिंदू म्हनला, "आक्का, शालूसाठी जीव दीन, पन दाजींच्या फुलांवर माझा इस्वास न्हाई."

"गुमान ये," म्हनलं, "न्हाईतर औंदाच्या भाऊबीजेला स्वतःच स्वतःला ववाळून घे."

आला. वैशाखाचं ऊन, देवळात आमी पाच जनं. हे, हिंदू, शालू, मी आन् देवापुढं पत्रिका ठिवाय आलेल्या शामलाबाई. ह्यांनी डोळे मिटून फुलं लावली. आमी बघतोय, बघतोय, एक बी फूल हलंना. हिंदूच्या कडक सदऱ्याचा पार लगदा झाला. शालू तर रडकुंडीलाच आली व्हती.

शामलाबाईंना ह्यातलं काय ठावं! पदरानं वारा घेत म्हनल्या, "हा पंखा दर्शनापुरता आहे का?" आन् दाबलं की बटन.

आई गं! एवढ्या दिसांची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर. आन् उजवं फूल उडालं ते थेट हिंदूच्या पायाशी.

"पडलं! देवानं दिला कौल!" हिंदू ओरडला. "जागृत हाय भैरोबा!"

"कसला देव?" हे तडकले. "पंख्याच्या मोटारीनं पाडलंय ते. वाऱ्याचा झोत आला, फूल उडालं. ह्याला इज्ञान म्हनत्यात!"

घ्या! देवाला हसनारा नगरसेवक देव देव करतोय आन् माझा पुजारी नवरा वायरमनवानी बोलतोय. लेकीचं लगीन ऱ्हायलं बाजूला. माझं टाळकंच सटकलं.

"गप बसा दोघं बी!" म्हनलं. "अवो, तुमच्या फुलांची ताटली रोज मी भरती. कोरडं फूल लौकर पडतं आन् निथळतं फूल चिकटून बसतं, हे मला शिकवू नगा. हिंदूच्या कौलाला डावं फूल कोरडं कुनी लावलं? देवानं?"

हे खाली बघाय लागले. म्हनले, "तवा वाटलं, ह्यो निवडून आला तर ओट्यावर कोन येनार? ह्यो गाडीतनं फिरनार. मी एकटाच बसनार शेंगा घिऊन."

हिंदूचं तोंड एवढंसं झालं. "दाजी," म्हनला, "मग तसं म्हनायचं की वो. देवाला कशाला मधी घातलं?"

"आन् तू पंख्याला कशाला घातलं? स्वतः यायचं."

शामलाबाईंनी पत्रिका देवापुढं ठिवली. म्हनल्या, "छान. म्हणजे मामा येणार. आता पंखा असू दे, मी बंद करत नाही."

लग्नात "मामा, मुलीला आना" अशी हाक आली आन् नेमका हिंदूचा फोन वाजला. त्यानं तो ह्यांच्या हातात कोंबला आन् शालूला घिऊन आला. पोरीचा हात असा धरला व्हता की मला म्होरलं काय दिसंनाच, डोळंच भरून आलं. तेवढ्यात मागनं ह्यांचा आवाज, "साहेब आत्ता मामा हायत. नळाचं उद्या बघू."

पोर सासरी गेली, मांडव रिकामा झाला. घरात पाय ठरंना म्हनून मी देवळाकडं गेले. दोघं ओट्यावर बसलेले, मधी शेंगा. दोघांचं बी डोळं लाल. आत कुनी नसताना पंखा गरगरत व्हता, त्याचा वारा दारातनं ओट्यावर येत व्हता. मी बटनाकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे," हे म्हनले. "हिंदूला लय उकडतं."