पाण्याचं वजन

"अजून एवढं संपव."

"अहो, पोट आहे का पिंप?" काकांच्या बायकोनं पाण्याची बाटली त्यांना परत केली. तपासणीच्या खोलीबाहेर, बाकावर ती भिंतीला टेकून बसली होती. काकांनी बाटली पुन्हा पुढे केली. तिनं मुकाट्यानं तोंडाला लावली.

गेल्या वेळी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. वजन आणखी घटलं तर औषध बंद, शरीराला पेलवणार नाही. औषध बंद म्हणजे पुढे काय, ते काकांनी विचारलं नव्हतं. विचारायची छातीच झाली नाही.

काका नोकरीला होते त्या संशोधन संस्थेत त्यांना सगळे वाळवणकाका म्हणत. रानातल्या आखलेल्या चौकोनातलं गवत, पाला, काटक्या त्यांच्या टेबलावर यायच्या. ओव्हनमध्ये वाळवायचं, तोलायचं, पुन्हा वाळवायचं. वजन घटायचं थांबलं की उरेल तो बायोमास, त्या रानाचा खरा ऐवज. पाणी त्यात धरत नाहीत, ते आज आहे, उद्या नाही. वीजकेंद्रात जाळायला येणाऱ्या भुशाचे नमुनेही त्यांच्याकडेच येत. ओला भुसा जाळला तर बराचसा जाळ पाणी उडवण्यातच जातो, तरी वजन वाढवायला पुरवठादार मालावर खुशाल पाइप सोडत. काकांचा ओव्हन त्यांचं पितळ उघडं पाडायचा. "पाणी विकायला आणलंय होय?" म्हणत काका त्यांची यथेच्छ खिल्ली उडवत. सगळी नोकरी त्यातच गेली. आता कंबर धरायची आणि ओव्हनची धग घरी गेल्यावरही अंगातून निघत नसे.

आज तोच पाइप त्यांनी स्वतः सोडला होता. लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती.

नर्सनं आत बोलावलं. बायको काट्यावर चढली. काकांनी नजर दुसरीकडे वळवली.

"गेल्या वेळेइतकंच आहे," नर्स म्हणाली. "छान. आत बेड तयार करते, मग औषध लावू."

काकांच्या जिवात जीव आला. "बघ, म्हटलं नव्हतं?"

बायको काट्यावरून उतरली आणि तिथंच खुर्चीत बसली. "अहो, एक सांगू? रागावू नका. हे औषध चढलं की कितीतरी दिवस मी माणसात नसते. वाटलं होतं, आज तो काटाच म्हणेल, बाई, पुरे झालं. माझ्या तोंडून काही तुम्हाला सांगवत नव्हतं."

"मग प्यायलीस कशाला?"

"तुमचं तोंड बघून."

काका तिच्या खुर्चीशी वाकले. "आज नको घेऊस मग. मी सांगतो त्यांना खरं काय ते."

"राहू द्या. एवढं प्यायलेय, फुकट कशाला घालवायचं!" ती हसली. हसतानाही दमली.

नर्स परत आली आणि तिनं बायकोला दंडाला धरून उठवलं. दोघी आतल्या खोलीकडे निघाल्या. काका दारापर्यंत मागोमाग गेले.

नर्स थांबली. "काका, काही सांगायचंय का?"

बायकोनं मागे वळून पाहिलं नाही. ती वाट बघत उभी होती.

"नाही," काका म्हणाले. "शीर लवकर सापडत नाही तिची. डाव्या हाताची बघा."