निरोप कोण गाळतं?

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि तृप्तीच्या मते ते तिच्या चुलतभावाकडे, भूपेंद्रकडेच मुरत होतं.

आसगावच्या तलावाचं पाणी धानाला नंबराने सुटायचं. या हंगामात पाणीवाटप संस्थेने त्यासाठी एआय एजंट आणला होता. शेतकरी फोनवरून निरोप पाठवायचे, ते आले तसे रांगेत लागायचे. एजंट एकेक वाचून नंबर ठरवायचा आणि भूपेंद्रला कळवायचा. भूपेंद्र जाऊन पाट उघडायचा. निरोप वाचायचं, पुढे धाडायचं, काढून टाकायचं, अशी जी टूल्स एजंटच्या हाताशी होती, त्यांची वर्णनं तृप्तीने लिहिली होती. कोणतं टूल कधी वापरायचं हे एजंटला त्या वर्णनावरूनच कळे. आपल्या आटोपशीर वाक्यांचा बाईसाहेबांना जरा जास्तच अभिमान होता.

तरी खालच्या मोहल्ल्यातले निरोप गायब होत होते. तुलारामच्या धानाच्या बांधीला भेगा पडल्या. मंगरूचं धान ऐन निसवताना पिवळं पडलं. दोघंही शपथेवर सांगत की निरोप पाठवला होता. त्या मोहल्ल्यात पाणी मिळालं ते एकाच घराला, सत्यभामाबाईंच्या. सत्यभामाबाई म्हणजे भूपेंद्रची सासू. आता यात आणखी काय शोधायचं?

शिवाय तृप्ती ऑफिसात शिरली की भूपेंद्र फोन खिशात टाकायचा. रोज संध्याकाळी त्याची गाडी सासुरवाडीसमोर उभी असायची. सरळ माणूस सासुरवाडीला रोज कशाला जाईल? लहानपणी याच दादाच्या पाठीवर बसून ती तलावावर गेली होती. ते आठवलं की तिला त्याचा अधिकच राग यायचा.

"आज बैठकीत पाटाची चावी काढून घेतो त्याच्याकडून," संस्थेचे अध्यक्ष कृष्णराव म्हणाले. "तुले काय वाटते?"

"मलेही तेच वाटते," तृप्ती म्हणाली.

बैठकीआधी पक्का पुरावा हवा म्हणून ती सत्यभामाबाईंच्या घरी गेली. बाई ओसरीवर फोन तोंडाजवळ धरून बसल्या होत्या आणि शेजारी मंगरू उकिडवा बसला होता.

"थांब वो बाई. माझा निरोप झाला, आता मंगरूचा टाकून राहिली," बाई म्हणाल्या.

तृप्तीला हे नाटक वाटलं. "त्याचा निरोप तुमच्या फोनवरून काहून?"

"त्याच्या फोनवर नुसतं बोलता येते. निरोप जाते असा फोन मोहल्ल्यात माझाच. सारे इथंच येतेत. आधी माझा जाते, मंग बाकीच्यायचा."

"अन् भूपेंद्रदादा रोज इथं कायले येते?"

"हेच पाहाले. निरोप गेले का, कोणाचे गेले. दिवसभर फोनवर बी मले हेच विचारते. तो बी हैरान झाला बापा."

तृप्तीने आपल्या फोनवर एजंटची नोंद पहिल्यांदाच उघडली. सत्यभामाबाईंचा निरोप रांगेत होता. मंगरूच्या निरोपापुढे लिहिलं होतं: काढून टाकला, हा फोन नंबर आधीच रांगेत आहे. 'एकाच नंबरवरून पुन्हा आलेला निरोप जादा समजून काढून टाकावा.' हे वाक्य तिचंच होतं. एजंटने ते इमानेइतबारे पाळलं होतं. ज्या गावात एका घरची शिडी सगळा मोहल्ला वापरतो, तिथे वाढलेल्या मुलीने माणशी एक फोन धरला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

तिथेच ओसरीवर बसून तिने वर्णन नव्याने लिहिलं. मग मंगरूचा निरोप पुन्हा पाठवायला लावला, तुलारामला बोलावून त्याचाही. दोन्ही निरोप रांगेत टिकले.

ती पोचली तेव्हा बैठक सुरू झाली होती. "तृप्तीचंही मत आमच्यासारखंच आहे," कृष्णराव सांगत होते. भूपेंद्रने चावी आधीच टेबलावर ठेवली होती. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"चूक माझी आहे," तृप्ती उभ्याउभ्याच म्हणाली. जुनं वाक्य तिने वाचून दाखवलं आणि त्याने निरोप कसे गाळले तेही सांगितलं. मग नवं वाचलं: "निरोपातल्या शेतकऱ्याचं नाव आणि शेत दोन्ही तेच असेल, तरच तो जादा समजावा. फोन नंबर सारखा असणं पुरेसं नाही. काढलेला निरोप परत येत नाही, म्हणून शंका आली तर काढू नये. आधी विचारावं."

कृष्णरावांनी घसा खाकरून चावी भूपेंद्रकडे सरकवली. त्याने ती उचलली नाही.

"शेवटचं पुन्हा वाच," तो म्हणाला.

"शंका आली तर काढू नये. आधी विचारावं."

"मशीनले हे लिहून द्या लागते," भूपेंद्र शांतपणे म्हणाला. "तू तं माही बहीण होती. तू काहून नाई विचारलं?"

तो चपला घालून निघून गेला आणि चावी टेबलावरच राहिली.