डावी बाजू

"घड्याळ काढा," डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. मास्तरांनी गोल काढला आणि बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. डावा अर्धा कोरा राहिला. मग बाईंनी त्यांचाच लुळा डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा कुणाचा?"

"तुमचाच असणार," मास्तर वैतागून म्हणाले.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली त्यांची बायको हसली. "नाटक करतायत."

"नाही हो काकू. डोळे ठीक आहेत त्यांचे. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली, त्यामुळे डावीकडचं जगच त्यांच्या लेखी उरलेलं नाही. ते उरलेलं नाही, हेही त्यांना कळत नाही. जेवताना अर्धं ताट तसंच राहील, तेव्हा ताट फिरवून देत जा."

बायकोने मान डोलावली. घरी आल्यावर ताट तिने फिरवलं नाही. उलट भात मुद्दाम डावीकडे वाढला. चार घास भाजी खाऊन मास्तर अर्धपोटी बोटं चाटत बसत, आणि तिला शिवणाच्या मशीनवर बसल्याबसल्या मनापासून बरं वाटे.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. लेक तेव्हा नववीत होती. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, असं ती म्हणू लागली तर मास्तरांनी निदान केलं, "नाटक. परीक्षा आलीय ना." तिला मैदानावर नेऊन डावं-उजवं करायला लावलं. ती पडली, त्यांनी उठवलं, ती पुन्हा पडली. शेवटी दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली. पाय जागचा हलला नाही. एवढा उशीर का केलात, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत होते. लेकीच्या डाव्या पायाला अजून आधाराची लोखंडी पट्टी आहे. बायकोने ते गिळलं होतं, पचवलं नव्हतं.

"अगं, कुठे आहेस? भात नाही का आज?"

ती त्यांच्या डाव्या हाताशी, अगदी कोपर लागेल इतक्या जवळ बसलेली होती. तिने शिवण मांडीवर ओढलं. ओरडा की, म्हणाली मनात. लेकही मैदानावर अशीच ओरडत होती.

दारात पट्टीचा खट् आवाज झाला. लेक कामावरून आली होती. तिने ताट पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"विसरले."

"तू? तुला माझ्या पहिल्या तापाचा वार आठवतो."

"म्हणूनच तर," आईचा आवाज चिरकला. "तुझा पाय गेला यांच्यामुळे. मला यांची कणव येत नाही. उपाशी राहू दे."

"पाय माझा गेला. सूड घ्यायचा तर मी घेईन. माझ्या नावावर तू घेऊ नकोस."

आईला ते फार लागलं. इतकी वर्षं तिने ज्याच्यासाठी दात-ओठ खाल्ले, ते तिचं नव्हतंच म्हणे.

लेक वडिलांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "बाबा, मान डावीकडे वळवा. भात तिकडे आहे."

मास्तरांनी जोर लावला. मान मधोमध आली आणि तिथेच अडकली. कपाळावर घाम आला. "नाही जमत गं."

"परत करा."

त्यांनी परत केलं. "खरंच नाही जमत. तुला पटत नाही का?"

लेकीने ताटाच्या कडेला हात लावला.

"पटतं," ती म्हणाली. "मला लगेच पटतं."

आणि तिने ताट फिरवलं.

"भात होता की," मास्तर म्हणाले आणि गार भात शितनशीत खाऊ लागले. अर्ध्यावर थांबले. "तुझी आई कुठे गेली? मघापासून हाका मारतोय."

लेकीने आईकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

आईने सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि ती तिथेच, त्यांच्या डाव्या हाताशी, बसून राहिली.