टेबलावरच्या तक्त्याची मागची बाजू

मी दुतोंडी आहे, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगतो. समुपदेशन केंद्राच्या टेबलावर तंबूसारखा उभा असलेला, पानं उलटायचा तक्ता म्हणजे मी. माझं एक तोंड समोर बसलेल्या घरच्यांकडे. त्यावर चित्रं आणि मोठी अक्षरं. दुसरं डॉक्टरांकडे, त्यावर काय बोलावं आणि काय बोलू नये, याच्या बारीक सूचना.

मला घडवलं इथल्या समुपदेशक ताईंनी. मोठ्या आघातानंतर मन कसं वागतं, यावरची जाडजूड पुस्तकं कपाटात धूळ खात होती. डॉक्टरांना सवड नव्हती आणि घरच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग ताईंनी कात्री हातात घेतली. चित्रं त्यांच्या भावाने काढली. त्याने काढलेली घाबरलेली मुलगी पाहून तिची दाढ दुखतेय असंच वाटायचं. ताईंनी ती पुन्हा काढायला लावली.

दचकणं, झोप उडणं, तोच प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येणं, हे वेड नव्हे; यावर उपाय आहे, हे मी कितीतरी घरांना पटवून दिलं. माणसंही मजेशीर! स्वतःसाठी कुणी विचारतच नाही. "आमच्या शेजाऱ्यांना असं होतं," म्हणायचं आणि माझ्याकडे टक लावून बघायचं.

एकदा एक बाबा, त्यांची लेक आणि तिची आत्या आली. गाडीच्या अपघातानंतर मुलगी कुठल्याच गाडीत पाय ठेवत नव्हती. त्यामुळे तिचं शाळेत जाणंही बंद झालं होतं. घरात अपघाताचं नाव काढायचं नाही, असा बाबांचा दंडक होता.

"विसरेल आपोआप. उगाच खपली कशाला काढायची?" बाबा म्हणाले.

"अरे दादा, ती विसरत नाहीये. ती नुसती गप्प बसलीये," आत्या म्हणाली.

"चल, उठ. इथे आलो तेच चुकलं."

समोर नव्या डॉक्टरीणबाई होत्या. गडबडीत त्यांनी मला उलटं ठेवलं होतं. चित्रं त्यांच्याकडे, सूचना बाबांकडे! मला घामच फुटला. आता ही माणसं गेली, तर मुलीचे उपचार राहणार.

उठता उठता बाबांची नजर माझ्यावर पडली. ते अडखळत वाचू लागले, "आईवडिलांना दोष देऊ नका. तेही घाबरलेले असतात. आधी त्यांना पाणी द्या."

ते मटकन खाली बसले. "गाडी मीच चालवत होतो हो. मला वाटलं, तुम्ही आधी तेच विचारणार."

मला सरळ करायला निघालेला हात डॉक्टरीणबाईंनी मागे घेतला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बाबा, तुम्हालापण भीती वाटते?" मुलीने विचारलं.

"वाटते गं. रोज वाटते."

उपचार सुरू झाले. घाई कुणीच केली नाही. पुढे एका सकाळी ती मुलगी बसने आली, बाबांचा हात घट्ट धरून. मला केवढा आनंद झाला!

ताईंनी हा किस्सा ऐकला आणि माझी सगळी पानं सोडवली. "यात घरच्यांपासून लपवण्यासारखं आहेच काय?" असं म्हणत त्यांनी डॉक्टरांच्या सूचना सोप्या शब्दांत घरच्यांच्या बाजूलाही लिहिल्या.

आता माझे कोपरे दुमडलेत, कड्या सैल झाल्यात. पण नोकरी पक्की आहे. माझी भावंडं इतर केंद्रांतही गेली आहेत. काही अजून जुन्याच छापाची आहेत. त्यातलं एखादं तुमच्यासमोर आलं, तर लाजू नका. हात पुढे करा आणि त्याला फिरवा. पलीकडेही तुमच्याबद्दलच लिहिलंय, आणि ते मायेने लिहिलंय.